फळ्यावरचे दोन ठिपके

काही वर्षांपूर्वी एका मंगळवारी तिसऱ्या तासाला माझा नवरा मिलिंद बारावीच्या वर्गावर केमिस्ट्री शिकवत होता. त्यानं फळ्यावर प्रश्न लिहिला आणि तो खाली बसला. मुलांनी त्याला उचलून गाडीत घातलं. बारामतीला पोचायच्या आत तो गेला. आमची मुलगी यशोधरा त्या वर्गात होती.

साखर कारखान्याचा यंदाचा गळीत हंगाम परवा सुरू झाला. भवानीनगरला हे कुणी सांगावं लागत नाही. त्या सकाळी दोरीवर पांढरी चादर टाकली. दुपारी काढायला गेले तर तिच्यावर बगॅसच्या, म्हणजे कारखान्यात जळणाऱ्या उसाच्या चोथ्याच्या, राखेचे काळे तुकडे मुंग्यांसारखे बसलेले. त्यांना हात लावायचा नसतो. चादर उचलून झटकली तर ते उडून जातात, बोटानं पुसायला गेलं की काळी रेघ उठते आणि ती धुण्यात जात नाही. लग्न होऊन इथं आले तेव्हा हे मला मिलिंदनं शिकवलं होतं. "राखेला चोळू नको, कोरडीच जाऊ दे," असं म्हणून त्यानं लगेच कार्बनबद्दल काहीतरी सांगायला घेतलं होतं आणि मी मान हलवली होती. मी मराठीची. हायस्कूलच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर घालणारी. त्याच्या विषयापुढं माझी मजल मान हलवण्यापर्यंतच.

आता हवेत मळीचा आंबूस गोड वास आहे. उसाच्या ट्रॉल्या टेप मोठ्यानं लावून रस्त्यानं जातात, त्यांच्या मागं ऊस आणि त्याच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं सांडत जातं, आणि शेळ्या त्या वाढ्यापाशी थांबून अख्खा रस्ता अडवतात. हवा कोरडी झाली आहे. ओठ फुटतात. संध्याकाळी स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट आवाज होतो आणि केस उभे राहतात. ह्या चटचटीबरोबर मला मिलिंद गेला तो हंगाम आठवतो. सलग आठवत नाही. स्वयंपाकघर आठवतं, मोरीतला नळ आठवतो, दोन शेंगदाणे आठवतात.

मिलिंद जेवणाआधी पेपर तपासायचा. मी पोळ्या करत असायची आणि तो एखादं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवायचा. दरवर्षी एक उत्तर ठरलेलं. दोन अणू जोडले जातात तेव्हा इलेक्ट्रॉनांची एक जोडी दोघांत सामाईक होते. पण सामाईक म्हणजे निम्मी-निम्मी नव्हे. एखादा अणू ती जोडी आपल्याकडं जास्त ओढतो. त्या ओढीला आमच्या मराठी पुस्तकात विद्युतऋणता म्हणतात, वर्गात सगळे इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी म्हणतात. प्रश्न असायचा, फ्लोरिन आणि आयोडीन ह्या दोघांत ओढ कुणाची जास्त? आणि निम्मा वर्ग लिहायचा, आयोडीनची, कारण आयोडीनचा अणू मोठा आहे.

"ह्या तालुक्यातलं पोरगं आहे," मिलिंद हसायचा. "कालव्याचं पाणी बघितलंय, ऊसतोडीचा नंबर बघितलाय. सगळं मोठ्याकडं जातं. अणूत तरी वेगळं कशाला असेल?"

"मग बरोबर काय?"

"फ्लोरिन. लहान आहे म्हणून. पण नुसतं 'लहान आहे म्हणून' लिहिलं तर मी पूर्ण मार्क देत नाही."

का देत नाही, ते विचारायची वेळ आली की तव्यावरची पोळी करपायची.

तो गेल्यानंतर लासुर्ण्याला सासरच्या घरी जलदान विधी झाला. बुद्धांच्या तसबिरीसमोर ताट ठेवलं होतं आणि लोट्यातून त्यात पाण्याची धार सोडायची होती. वडिलांसाठी ती यशूनं धरली. बौद्धाचार्य गाथा म्हणता म्हणता मध्येच हळू आवाजात तिला म्हणाले, "धार बारीक ठेव बाळ, तुटू देऊ नको." तिनं हात इतका स्थिर ठेवला होता, की पाणी पडतं आहे असं वाटतच नव्हतं. काचेची काडी उभी केल्यासारखं दिसत होतं. ती रडली नाही. रडणारी माणसं मला समजत होती, ही समजत नव्हती.

भवानीनगरला परत आल्यावर तिनं फिजिक्स उघडलं, बायॉलॉजी उघडलं, गणितंही केली. केमिस्ट्रीचं पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. तेव्हा मी ते तिथंच राहू दिलं. मग एक दिवस भांडी विसळताना तीच म्हणाली, "मी केमिस्ट्रीच्या पेपरला बसणार नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे. पुढच्या वर्षी आर्ट्सला जाते. तू नाही का आर्ट्सची? तुझं काय वाईट झालं?"

माझं काही वाईट झालं नव्हतं. पण मी ह्या मुलीला लहानपणापासून बघत होते. दुधात लिंबू पिळून ते फाटताना बघत बसणारी, मेणबत्तीच्या ज्योतीवर चमचा धरून काळा करणारी, "पप्पा, मीठ विरघळून जातं कुठं?" असं विचारून बापाला जेवू न देणारी. ती आर्ट्सला गेली असती तर कवितेच्या ओढीनं गेली नसती. एका दारापासून दूर जायचं म्हणून गेली असती.

आबा, म्हणजे माझे सासरे, तेव्हा आमच्याकडं राहायला आले होते. शेत नानांवर, म्हणजे त्यांच्या चुलतभावावर, सोपवून आले होते. ते तिला म्हणायचे, "ऱ्हाऊ दे यशे. एक वरीस गेलं तर काय आभाळ कोसळतंय?" मी म्हणायचे, "नुसतं वाचून तरी बघ." आबा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. ती मध्ये होती तशीच राहिली. नंतर मला पुस्तकात कार्बन डायऑक्साइड भेटला. मधे कार्बन, दोन्ही हातांना ऑक्सिजन, दोघेही जोर लावून ओढतात; पण एका रेषेत आणि सारखंच ओढतात, म्हणून अख्ख्या रेणूवर त्या ओढीचा काही परिणाम दिसत नाही. ते वाचताना मला आमचं घर आठवलं आणि ग्रंथालयात एकटीच बसून मी हसले. तो गेल्यानंतर पहिल्यांदा.

हो, ते पुस्तक मी वाचायला घेतलं होतं. कपाटावरून काढून पिशवीत टाकलं आणि मधल्या सुट्टीत वाचू लागले. मुलीसाठी वाचते आहे असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं असावं. इतकी वर्षं हा माणूस ज्याच्याकडं इतक्या आनंदानं बघत होता, ते काय होतं, हे मला बघायचं होतं.

सुरुवातीला मी तो मूलद्रव्यांचा तक्ता पानासारखा वाचला. डावीकडून उजवीकडं, ओळ संपली की खाली. तसा तो वाचायचा नसतो. तो उभाही वाचायचा, आडवाही वाचायचा. आडव्या ओळीत उजवीकडं जावं तशी ओढ वाढते. उभ्या स्तंभात खाली उतरावं तशी कमी होते. म्हणजे सगळ्यात जास्त ओढ वरच्या उजव्या कोपऱ्यात, तिथं फ्लोरिन चार आकडा घेऊन बसलेला. सगळ्यात कमी डाव्या बाजूला तळाशी. आणि उजवीकडचा शेवटचा स्तंभ मात्र बहुतेक कोराच. तिथले वायू सहसा कुणाशी जोडले जात नाहीत, म्हणून त्यांच्यापुढं आकडा नाही. त्या कोऱ्या चौकोनांकडं मी बराच वेळ बघत राहिले.

मग व्याख्या आली. ती मी तीनचारदा वाचली. विद्युतऋणता म्हणजे अणूची ओढ, पण रेणूत असलेल्या अणूची. जोडलेल्या अणूची. एकट्या अणूपुढं हा शब्द वापरून उपयोग नाही. आम्ही भाषेची माणसं गुण माणसाला चिकटवतो: अमका प्रेमळ, तमका हट्टी. इथं एक गुण असा होता, की दुसरं कुणी नसेल तर तो दिसतच नाही. मिलिंद शांत होता असं आता लोक सांगतात. माझ्याबरोबर तो शांत नव्हता, अखंड बोलायचा. मग तो बोलका होता की शांत? पुस्तकानं सांगितलं, हा प्रश्न जोडीला धरून विचार.

पण एका ठिकाणी मी अडले. लहान अणू जास्त का ओढतो, हे मला काही केल्या पटत नव्हतं. मोठ्या अणूच्या पोटात धनभारही जास्त असतो. जोर जास्त, तर ओढ जास्त. मीही एव्हाना ह्याच तालुक्याची.

त्या संध्याकाळी आबा खांद्यावर घोंगडं घेऊन स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. पुढ्यात भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी. यशू ओट्यापाशी चहा गाळत होती. मी आबांना म्हणाले, तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, एक सांगा. दोघांत एक वस्तू सामाईक असली, तर जास्त कोण ओढणार? मोठा का बारका?"

"ह्यात काय इचारायचं? मोठाच वढणार."

"मलापण तसंच वाटतं. आयोडीन मोठा, म्हणजे आयोडीनच."

यशूच्या हातातली गाळणी थांबली. "आई, काहीही काय बोलतेस?"

"तू सांग मग."

"मला नाही सांगायचं." ती परत चहा गाळायला लागली. मग कप जोरात ठेवून वळली. चुकीचं उत्तर तिला कधीच सहन झालं नाही. ते बापाकडून आलं होतं. "आबा, तुमच्या सामाईक विहिरीवर मोठी मोटार कुणाची?"

"नानाची. साडेसात एचपी. माझी पाचची."

"आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की कुणाची चालायची?"

"माझी!" आबा सरसावून बसले. "नानाची मोटार वर काठावर. ती नुसती वारं वढायची. मी माझी खाली कट्ट्यावर बसवलीया, पाण्याजवळ. नाना मला म्हणायचा, तू कायतरी करणी केलीस. म्हणलं, करणी न्हाय गड्या, पायऱ्या उतर."

"झालं तर मग. नानांची मोटार म्हणजे आयोडीन. एचपी जास्त, पण पाणी लांब. मध्ये एवढे सगळे थर, आतले इलेक्ट्रॉन आडवे येतात. फ्लोरिनची मोटार पाण्याला लागून आहे. जोर किती हे एकटं बघायचं नाही, पाण्यापासून लांबी किती तेही बघायचं."

आबा चहा घ्यायचा विसरले. "हे तुला कुणी सांगितलं?"

"पप्पांनी. दरवर्षी वर्गात हेच सांगायचे. लासुर्ण्याची विहीर, दोन मोटारी, एक काठावर, एक कट्ट्यावर. पोरं हसायची."

"म्हंजी माझी हीर शिकवायचा व्हय त्यो कालिजात?"

"हो."

"मला कवा बोलला न्हाय." आबांनी घोंगड्याचं टोक उचलून नाक पुसलं. मग त्यांनी मान वर केली, आणि मी आजही त्यांची ऋणी आहे ते त्यांनी पुढं विचारलं त्याबद्दल. "पर यशे, सगळ्यात बारका कोण मग?"

"हायड्रोजन."

"मग त्यो सगळ्यांच्या वरताण वढत आसंल."

यशू माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "हाच प्रश्न होता."

"कुठला?"

"त्या दिवशी. फळ्यावर पप्पांनी एका बाजूला हायड्रोजन लिहिला, एका बाजूला क्लोरिन, आणि मधोमध दोन ठिपके दिले. जोडी कुणाकडं, असं विचारलं. नेहमी असंच करायचे. आधी लहान जास्त ओढतो हे पटवायचे, मग हायड्रोजन घालून सगळ्यांना पाडायचे. पोरं चुकीचं ओरडली की ठिपके पुसून बरोबर बाजूला काढायचे. त्या दिवशी सगळे ओरडत होते. ते वळलेच नाहीत. ठिपके मधोमधच राहिले, आई."

ते ठिपके तिच्या डोळ्यासमोर होते आणि मी तिला 'नुसतं वाचून तरी बघ' म्हणत होते.

"मग कुणाकडं जाती जोडी?" आबांनी विचारलं. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. किंवा विहीर त्यांची असल्यामुळं त्यांना खरंच उत्तर हवं असावं.

यशू खाली बसली. तिनं चमचा एका बाजूला ठेवला, कप दुसऱ्या बाजूला, आणि वाटीतले दोन शेंगदाणे उचलून मधे ठेवले. "हा चमचा हायड्रोजन. पाण्याजवळ आहे, पण मोटारच एवढीशी. आत एकच प्रोटॉन. अर्धा एचपी धरा. हा कप क्लोरिन. ह्याचं पाणी जरा लांब, पण मोटार सतरा प्रोटॉनांची. आतल्या थरांनी कितीही अडवलं तरी ह्याला भारी पडते. म्हणून." तिनं बोटानं दोन्ही शेंगदाणे कपाकडं सरकवले. पूर्ण चिकटवले नाहीत. थोडेसेच. "इतके. तुटत नाही जोडी, फक्त इकडं जास्त असते. म्हणून क्लोरिनच्या बाजूला थोडा ऋणभार, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धनभार. पप्पा म्हणायचे, ह्यातला 'थोडा' विसरलात तर मार्क गेले."

तिचं बोट शेंगदाण्यांवरच होतं. आम्ही तिघंही त्या दोन दाण्यांकडं बघत होतो. मग आबांनी हात पुढं केला, एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला.

"आबा!"

"लक्षातच न्हाय ऱ्हायलं, बाय. तू बोलत ऱ्हायलीस, मी खात ऱ्हायलो."

यशू हसायला लागली. हसता हसता तिचं रडणं सुरू झालं आणि ते बराच वेळ चाललं. आबा उरलेला दाणा हातात धरून बसून राहिले, तो खावा की ठेवावा हे त्यांना कळेना.

त्यानंतरचे दिवस मला फार कुतूहलाचे गेले. असं म्हणू नये, दुःखाच्या दिवसांबद्दल, पण तसंच होतं. आम्ही साखर शेंगदाणा तेलात टाकून ढवळली. ती तळाशी तशीच बसली. पाण्यात टाकली, गेली. साखरेच्या अंगावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या असतात, पाण्याच्याही अंगावर असतात. एकाची थोडी ऋण बाजू दुसऱ्याची थोडी धन बाजू शोधते, असं यशूनं सांगितलं. आबा म्हणाले, "आन त्याल?" तेलाच्या अंगावर बहुतेक कार्बन आणि हायड्रोजन, दोघांची ओढ जवळजवळ सारखी, म्हणून त्याला साखरेचं काही वाटत नाही. सगळा तालुका ज्या साखरेवर जगतो ती चहात का विरघळते, हे मला त्या वयात कळलं.

मिलिंद दर थंडीत मोरीच्या नळाखाली एक प्रयोग करायचा, तोही आम्ही केला. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासायचा आणि नळाच्या बारीक धारेजवळ न्यायचा. धार कंगव्याकडं वळते. पहिल्या दिवशी वळली नाही. माझ्या केसांना तेल होतं, यशूच्याही. आबांनी टोपी काढून टक्कल पुढं केलं, "हितं बगा घासून, हितं कायबी अडचन न्हाय." शेवटी त्यांच्या घोंगड्यावर घासला. यशू नळाशी बसली, "धार बारीक कर आई, तुटू देऊ नको" म्हणाली, आणि कंगवा जवळ नेला. पाण्याची काडी हळूच वाकली. पाण्याच्या रेणूला धन आणि ऋण अशी दोन टोकं आहेत म्हणून, असं मिलिंद सांगायचा. पावसाळ्यात हा प्रयोग नीट होत नाही, ओली हवा कंगव्यावरचा भार टिकू देत नाही. म्हणून हा आमच्याकडं गळीत हंगामातला प्रयोग.

एकदा मी तिला विचारलं, "जोडी तुटली तर? इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे होतात?"

"कधी कधी. पाण्यात टाकलं तर नाही. क्लोरिन दोन्ही घेऊन जातो."

"आणि हायड्रोजन?"

"तो तसा एकटा राहतच नाही. लगेच पाण्याच्या एखाद्या रेणूला जाऊन चिकटतो." तिनं हे अगदी सहज सांगितलं, पुस्तकातून मान वर न करता. मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

केमिस्ट्रीच्या पेपरच्या सकाळी आबांनी मोटारसायकल काढली. यशू आरशासमोर वेणी घालत होती. आबा म्हणाले, "आगं, परीक्षेला निगालीस आन डोक्याला त्याल न्हाय?" ती म्हणाली, "नको आबा, करंट जातो." रस्त्यात उसाची ट्रॉली उलटली होती, म्हणून आबांनी गाडी शेतातल्या वाटेनं घातली. दुपारी दोघं परत आली ती अंगभर पाचटाचे कण घेऊन. "बरा गेला," एवढंच ती म्हणाली आणि जेवायला बसली. पोटभर जेवली. नंतर आबा लासुर्ण्याला परतले.

आता ती पुण्यात रसायनशास्त्रच शिकते. परवा तिचा फोन आला. तिला मी राखेच्या चादरीचं सांगत होते, ती मध्येच म्हणाली, "आई, तो कंगव्याचा प्रयोग आठवतोय? पप्पांचं कारण पुरतं बरोबर नव्हतं."

"म्हणजे?"

"पाण्याच्या रेणूला दोन टोकं असतात हे खरंच आहे. पण कंगवा एक टोक ओढतो आणि दुसरं ढकलतो. त्यानं धार एवढी नाही वळत. कंगव्यामुळं धारेतच थोडा विरुद्ध भार साठतो, ते मोठं कारण असावं. बऱ्याच पुस्तकांत अजून जुनंच आहे. मी अजून वाचतेय. पप्पांशी भांडायला काय मजा आली असती ना?"

तिचा आवाज अगदी त्याच्यासारखा झाला होता, चुकीचं उत्तर सापडल्यावर त्याचा व्हायचा तसा. मी आबांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "पर हिरीचं बरुबर हाय न्हवं?" मी म्हटलं, विहिरीचं बरोबर आहे.

मग मी मोरीत जाऊन नळ बारीक सोडला. आबांचं घोंगडं इथंच राहिलं आहे, कंगवा खिडकीत असतो. धार अजून वळते. का वळते, ते यशू शोधते आहे.